जड ते मागं राहतं

लातिर आला तेव्हा तेनिंगमावशी शिंपले उकडत होती.
वाफ, धूर, आणि दोन्हींच्या मधून तिचा आवाज :
"मेलेल्याला काय विचारणार तू?
जिवंतपणी तरी कुठं तोंड उघडलं त्यानं?"

सालूम नदी समुद्राला मिळते तिथलं हे बेट.
इथं जमीन म्हणजेच शिंपले.
खाल्ले, टाकले, खाल्ले, टाकले,
इतक्या पिढ्या, की उकिरड्याची टेकडी झाली,
टेकडीवर गोरखचिंच रुजली,
आणि तिच्या सावलीत मेलेल्यांची सोय झाली.
घरांच्या भिंतीही त्याच, चुन्यात कालवलेल्या.
पाय ठेवाल तिथं करकर.
चोराला इथं धंदा नाही, म्हणते मावशी.

टेकडीतले होते लातिरकडे, डब्यांत, नंबर घातलेले.
त्याला दुष्काळातला हवा होता.
मावशीनं झारा स्वयंपाकघराच्या भिंतीकडं केला.
"ही दिओगोयनं बांधली. पाऊस आला नाही
त्याच्या दुसऱ्या वर्षी. काढ एखादा.
चुलीमागचा नको, भिंत येईल अंगावर."

डाकारला, खिडकी नसलेल्या खोलीत
त्यानं शिंपला उभा चिरला.
दाढ कोरावी तशी बारीक सुई,
बिजागरीपासून कडेपर्यंत, रेघेमागून रेघ.
दर रेघेचं पीठ, नखावर मावेल इतकं.
यंत्राला त्यातलं काही कळत नाही,
ते फक्त वजन करतं.

समस्थानिक.
एका पाटावर बसणारे दोघे,
नाव एक, ताट एक,
अंगानं मात्र एक जड, एक हलका.
पाण्याची ऊबही यात मिसळलेली असते,
ती वेगळी काढता काढता तीन रात्री गेल्या.

कागदाची गुंडाळी घेऊन तो परत बेटावर आला,
सोबत सिमेंटची अर्धी पिशवी, भोक बुजवायला.

"ऊन लागलं की पाण्यातला हलका प्राणवायू आधी उडतो.
जड तो मागं राहतो.
पाऊस नसला की खाडीत जडच साठत जातो,
आणि शिंपला, मिळेल त्या पाण्यातून घर बांधतो."

मावशीनं भात खालीवर केला.
"मग गावासारखंच की.
वाली होडीतून गेला, कॅनरी बेटांकडं.
दोघी डाकारला, लोकांच्या घरी.
जड ती मी."

त्यानं कागद चटईवर पसरला.
दर पावसाळ्याचा एक खळगा : एक, दोन,
तिसरा उथळ,
मग रेघ चढते ती उतरतच नाही.
मावशीनं चढावर बोट ठेवलं, बोटाला भाताचं शीत.
"हे ते साल. खाचरात मीठ फुललं होतं.
पांढरं. पोरं चाटायची."

"आणि इथं संपतं," लातिर म्हणाला,
"शेवटची रेघ सगळ्यात जड.
म्हणजे पावसाच्या तोंडाशी मेला, जूनच्या आसपास."

"मेला नाही. मी काढला."

मग बराच वेळ चुलीतलं लाकूडच बोललं.

"चाळीस टोपल्या मागितल्या होत्या दिओगोयनं.
मांडीभर चिखल, खारफुटीची मुळं,
आणि पाणी परत भरायला लागलेलं.
वाकता येत नव्हतं मला.
कुंबा होती पोटात."

कुंबाचं नाव लातिरनं
या घरात कधी ऐकलं नव्हतं.
गेलेल्यांत नाही, राहिलेल्यांत नाही.
त्यानं कागद गुंडाळला,
पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला.

सिमेंट कालवायला तो उठला तर म्हणाली,
"राहू दे ते भोक. धूर जातो."

उजाडताना धक्क्याकडं निघाला.
मावशी झोपली होती, म्हणून बूट हातात घेतले.
तरी करकर झालीच.